जवळ जायचं, मार खायचा, वर डॅमेजही कमी?

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत जवळून मारायच्या स्पेल्सचं (जादूच्या मंत्रांचं) जे वाटोळं करून ठेवलंय, त्याचा आता अक्षरशः वीट आलाय. गंगापूर रोडवरचा फ्लॅट असो की कॉलेज रोडचा कॅफे, नाशिकच्या टेबलावर नवीन खेळाडू हौसेने तलवार आणि जादू दोन्ही असलेलं कॅरेक्टर मागतो. पाचव्या लेव्हलला तोच मुकाट्याने मागे उभा राहून फायरबॉल फेकतो. दोष त्याचा नाही, आकड्यांचा आहे.

व्हॅम्पिरिक टच घ्या. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक), त्यात कॉन्सन्ट्रेशन (मार बसला की मोडू शकणारी एकाग्रता). शत्रूला जाऊन भिडायचं, अटॅक रोल (नेमाचा फासा) लागला तर ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, सरासरी साडेदहा. त्याच्या निम्मे, पाचेक एचपी (जीव मोजायचे गुण) आपल्याला परत. त्याच स्लॉटमध्ये फायरबॉल ८डी६ देतो: सरासरी २८, दीडशे फुटांवरून, वीस फूट त्रिज्येत असतील त्या सगळ्यांना, आणि समोरच्याने सेव्ह (बचावाचा फासा) केला तरी निम्मं लागतंच. पाचव्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगाराचे), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ धरलं तर, एचपी असतात ३२. ओगर या राक्षसाचा एक फटका सरासरी १३. तीन फटक्यांत विझार्ड आडवा, आणि त्याआधी प्रत्येक फटक्याला कॉन्सन्ट्रेशनचा सेव्ह. एक हुकला की स्पेल गेला, स्लॉटही गेला. पाच एचपीसाठी हा जुगार कोण खेळणार?

शत्रू जवळ असला की दुरून मारणाऱ्यालाही डिसअ‍ॅडव्हांटेज मिळतो, हे उत्तर नेहमी तोंडावर फेकलं जातं. हा तोटा (दोन फाशांतला कमी आकडा घेणं) फक्त रेंज्ड, म्हणजे दुरून मारायच्या, अटॅक रोलला. सेव्हवाल्या स्पेल्सना कसलाही दंड नाही.

बरं, जे चांगले आहेत ते मिळतात कोणाला? शस्त्राच्या फटक्याला जादूची जोड देणारे बूमिंग ब्लेड आणि ग्रीन-फ्लेम ब्लेड २०१५ मध्ये आले, २०२० मध्ये सुधारून पुन्हा छापले. ते घेऊ शकणाऱ्या क्लासेसच्या (कॅरेक्टरच्या प्रकारांच्या) यादीत विझार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक, नंतर आर्टिफिसर. चिलखत घालून पुढे उभा राहणारा क्लेरिक (देवाचा पुजारी) नाही, ड्रुइडही (निसर्गाचा जादूगार) नाही! २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये (सुधारित नियमपुस्तकात) तर हे स्पेल्सच नाहीत. आणि फुकटच्या एसआरडीवर (मोफत नियमसंचावर) खेळणाऱ्या पोरांना त्याच्या ५.१ आवृत्तीतही ते सापडत नाहीत. दोन कँट्रिपसाठी (स्लॉट न लागणाऱ्या स्पेल्ससाठी) वेगळं पुस्तक विकत घ्यायचं का त्यांनी?

क्लेरिकची तर निव्वळ थट्टा आहे. एका हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल, ढालीवर देवाचं चिन्ह. स्पिरिट गार्डियन्स या स्पेलला मटेरियल (एखादी वस्तू, इथे देवाचं चिन्ह) लागतं, म्हणून चिन्हाच्या त्याच हाताने हातवारे चालतात. इन्फ्लिक्ट वूंड्सला मटेरियल लागत नाही, म्हणून हात मोकळा हवा! म्हणजे समोरच्याला हात लावून मारायचा स्पेल टाकायला आधी गदा सोडायची, नाहीतर एक आख्खा फीट (कॅरेक्टरला मोजकीच मिळणारी खास क्षमता) वॉर कास्टरवर घालवायचा. कमी सामान लागणारा स्पेल टाकणं जास्त कठीण, हा कुठला न्याय?

आणि २०२४ मध्ये त्याच इन्फ्लिक्ट वूंड्सची वाट लावली. आधी अटॅक रोल, ३डी१०, सरासरी साडेसोळा, क्रिट (फाशावर २०, फासे दुप्पट) लागला तर ३३. आता २डी१०, सरासरी ११, तेही कॉन्स्टिट्यूशन सेव्हवर, ज्यात दांडगे राक्षस आधीच तरबेज. क्रिट नाहीच. गायडिंग बोल्ट मात्र १२० फुटांवरून ४डी६, सरासरी १४, वर पुढच्या अटॅकला अ‍ॅडव्हांटेज. दोन्ही पहिल्या लेव्हलचे, दोन्ही क्लेरिकचे. जवळ जायचं बक्षीस उणे तीन.

डीएम (खेळ चालवणाऱ्या) मंडळींनो, क्लेरिक आणि ड्रुइडला बूमिंग ब्लेड देऊन टाका. खेळ मोडेल म्हणता? पाचव्या लेव्हलला, स्ट्रेंग्थ १६ असेल तर, गदेचे साडेसहा आणि थंडरचे साडेचार मिळून ११. फायटर तेवढ्याच स्ट्रेंग्थवर लाँगस्वर्डने दोनदा मारून १५ काढतो. शत्रू स्वतःहून हलला तर आणखी ९, पण क्लेरिक समोरच उभा असताना ओगर हलेल कशाला? टच रेंजच्या स्पेलला शस्त्राचा हात चालू द्या. इन्फ्लिक्ट वूंड्स जुनाच ठेवा. आणि व्हॅम्पिरिक टचवरचं कॉन्सन्ट्रेशन काढा, निदान या रविवारच्या सेशनला तरी.