अफूचं नाव घ्यायला एवढं जड का जातं?

आज फोर्टात हेरिटेज वॉकला गेले होते. गाईड मुलगा तयारीचा, आवाजही खणखणीत. पण एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांचा विषय आला आणि "चीनशी व्यापार करून अमाप पैसा मिळवला, तो समाजाला दिला" एवढं बोलून तो पुढे निघाला. कसला व्यापार, विचारलं तर म्हणाला, "कापूस वगैरे."

त्या वगैरेत अफू होती! तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझ्या मामाच्या गावात सरकारमान्य देशी दारूचं दुकान होतं. मामाची विहिरीलगतची जमीन त्या दुकानात गेली. दुकानदार म्हणायचा, "लायसन आहे. मी कुणाला ओढून आणत नाही."

कंपनी सरकारचंही हेच. बिहारात शेतकऱ्याला उचल देऊन खसखस लावायला लावायची, पाटणा आणि गाझीपूरच्या कारखान्यात अफू तयार करायची, कलकत्त्यात लिलाव करायचा आणि हात झटकायचे. चीनमध्ये बंदी आहे, मग कंपनीच्या जहाजातून माल न्यायचा नाही. तो खाजगी व्यापारी नेतील. शिंदे-होळकरांच्या माळव्यातली अफू कंपनीने आधी अडवून पाहिली. व्यापाऱ्यांनी ती पोर्तुगीजांच्या दमणहून काढली. मग १८३० च्या सुमारास कंपनीने अडवणं सोडलं आणि पास देऊन मुंबईतूनच जाऊ दिली, दर पेटीमागे पैसे घेऊन. जमशेटजी इथून माल पाठवत, जार्डिन मॅथेसन ही ब्रिटिश व्यापारी कंपनी तो तिकडे चीनमध्ये खपवायची. साव सगळेच.

त्या दुकानदाराने पुढे देवळाला सभामंडप बांधून दिला. दारात संगमरवरी पाटी, त्यावर त्याचं नाव. मामी त्याच फरशीवर बसून कीर्तन ऐकायची. ती पाटीकडे कधी बघायची नाही.

हो, जमशेटजींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जेजे रुग्णालयात लाखो गरिबांचे जीव वाचले. माझी आईही तिथूनच बरी होऊन घरी आली, ते मी विसरणार नाही. कुणाचा पुतळा हलवा असं मी म्हणतच नाही. आणि हो, चिनी अधिकारीही लाच खात होते.

पण त्यांच्यातच लिन झेशू होता. १८३९ मध्ये त्याने वीस हजारांवर पेट्या जप्त केल्या आणि हुमेनला खड्डे खणून, मीठ-चुना घालून ती अफू पाण्यात विरघळवली, समुद्रात सोडली. तीन आठवडे काम चाललं होतं. आमच्या मामाच्या गावात असा एक तरी अधिकारी यायला हवा होता!

त्यावर इंग्रजांनी युद्ध केलं. १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग घेतलं, वर दोन कोटी दहा लाख डॉलर. त्यातले साठ लाख त्या बुडवलेल्या अफूची भरपाई. बंदी चीनची, बरबाद माणसं चीनची आणि मालाचे पैसेही चीननेच भरायचे.

त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला. वॉकमध्ये किताब सांगता, साल सांगता, मग तहही सांगा. आज घोळक्यात शाळकरी पोरं होती, त्यांनाही कळलं असतं.