काळ्या स्क्रीनवर माऊस चालतो, आणि त्याला ७७७ लागत नाही

माझा भाचा इथे पुण्यातच डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय ते काल त्याने मला पाठवलं, "मावशी हे बरोबरे ना?" असं विचारून. म्हणजे करून झालं होतं आणि मग विचारत होता. फॉरवर्डचं म्हणणं असं की लिनक्सच्या टेक्स्ट कन्सोलवर (ती फक्त अक्षरांची काळी स्क्रीन) माऊसने कॉपी-पेस्ट होतच नाही, कॉपीला कंट्रोल-सी दाबा, माऊस हवाच असेल तर /डेव्ह/इनपुट या इनपुट उपकरणांच्या फोल्डरवर सगळीकडे सीएचमॉड ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारा, आणि जीपीएम (कन्सोलवर माऊस चालवणारा प्रोग्राम) इन्स्टॉल असेल तर काढून टाका कारण ते "हॅकिंगचं टूल" आहे.

होतच नाही? अरे जीपीएम त्याच कामासाठी आहे, नव्वदच्या दशकापासून! इन्स्टॉल करा, कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने कन्सोलवर जा, डावं बटन दाबून ओढा. सिलेक्ट झालं म्हणजेच कॉपी झालं, वेगळं काही दाबायचं नाही. मधल्या बटनाने पेस्ट. डबल क्लिकला शब्द, ट्रिपलला अख्खी ओळ. दोनच बटनांचा माऊस असेल तर उजवं बटन पेस्ट करतं. आणि तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या सगळ्यात स्वस्त माऊसचं चाकसुद्धा दाबलं जातं, तेच मधलं बटन. एका कन्सोलवर कॉपी करून ऑल्ट-एफ४ ने दुसऱ्यावर पेस्ट केलं तरी चालतं, कारण सिलेक्ट केलेला मजकूर कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे असतो.

कंट्रोल-सी ने चालू प्रोग्राम मरतो. पुढे.

आता ते ७७७. माझं डोकं फिरलं ते इथे. /डेव्ह/इनपुट मध्ये फक्त माऊस नसतो हो, कीबोर्डही तिथेच असतो. त्या फाइली सगळ्यांना वाचायला उघड्या केल्या की त्या मशीनवर लॉगिन असलेला कुणीही, साध्या युजरच्या अधिकारात, तुम्ही दाबलेली प्रत्येक की वाचू शकतो, रूटचा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनचा पासवर्डसुद्धा, आणि स्क्रीनवर पासवर्ड दिसत नाही म्हणून आपण बिनधास्त. घराच्या किल्ल्या सोसायटीच्या नोटीस बोर्डाला टांगण्यातला प्रकार. हे पोरं कॉलेज लॅबच्या मशीनवर करतायत, जिथे अख्ख्या बॅचची लॉगिन्स आहेत! बरं, मिळवलं काय? काहीच नाही, जीपीएम रूट म्हणून चालतं, त्याला परवानगीची अडचण कधी नव्हतीच. आणि /डेव्ह प्रत्येक बूटला नव्याने तयार होतं, त्यामुळे रीबूट केलं की ७७७ आपोआप गेलं असतं, पण लिहिणाऱ्याने तेही हेरलंय, "कायमस्वरूपी करण्यासाठी आरसी-लोकल मध्ये टाका" म्हणे, म्हणजे दर बूटला ते आपोआप चालणार. ज्यांनी टाकलंय त्यांनी ती ओळ काढा, रीबूट करा, आणि मधल्या काळात त्या मशीनवर टाइप केलेले पासवर्ड बदला. भाच्याला कालच बसवून बदलायला लावलेत.

"हॅकिंगचं टूल" मध्ये मात्र, नाइलाजाने मान्य करते, थोडं तथ्य आहे. पण ते फॉरवर्डवाल्याने शोधलेलं नाही, जीपीएमच्या मॅन पेजवरच (सोबत येणारं माहितीपान) लिहिलंय: कुणी एखादी घातक कमांड शेवटच्या एंटरसकट सिलेक्ट करून ठेवली आणि पुढच्या माणसाने मधलं बटन दाबलं तर ती तिथल्या तिथे चालेल. उपायही तिथेच आहे. सुरू करताना मायनस कॅपिटल ए (-A) लावलं तर पेस्ट बंद ठेवूनच जीपीएम सुरू होतं, त्याला चिकटून, मध्ये स्पेस न देता, सेकंद लिहिले तर तेवढ्या वेळाने सिलेक्शन बाद होतं. डिसेबल-पेस्ट नावाचा छोटा प्रोग्रामही सोबत येतो, तो लॉगिनच्या वेळी चालवायला सांगितलाय. शिवाय कर्नल ६.७ पासून कन्सोलच्या या कॉपी-पेस्टला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात. ज्याच्यावर एवढा विचार झालाय ते काढा आणि कीबोर्ड गावाला उघडा करा, असा हा सल्ला!

ज्या अडचणी खरंच आहेत त्यांचा फॉरवर्डमध्ये पत्ताच नाही. स्क्रीनवर दिसतंय तेवढंच सिलेक्ट होतं, आणि कर्नल ५.९ पासून शिफ्ट-पेजअपने मागे जायची सोयही काढलीये, त्यामुळे मोठं आउटपुट असेल तर फाइलमध्ये घ्या. कन्सोलच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात, मराठी नावाच्या फाइली तिथे धड दिसणार नाहीत. आणि पुटीने (विंडोजवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्राम) सर्व्हरवर जात असाल तर जीपीएमचा संबंधच नाही, तिथला माऊस पुटीच्या ताब्यात असतो, राइट क्लिक केलं की पेस्ट.