दहा शेंगदाण्यांचा युरोप

रोमच्या त्रेवी कारंज्याकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणतात. 2017च्या मे महिन्यात आमच्या ग्रुपमधल्या बेचाळीस जणांनी तिथे नाणी टाकली. एक्केचाळीस जणांनी युरोची, आमच्या ह्यांनी पाच रुपयांचं. युरो तेव्हा सत्तरच्या आसपास होता आणि "श्रद्धेला चलन नसतं" असं ह्यांचं म्हणणं. मी लाजेने तोंड फिरवून जिलातो आइसक्रीमच्या रांगेत उभी राहिले.

आता पुन्हा युरोपला जायचं ठरलंय. आम्ही दोघं, माझी मोठी नणंद आणि तिचे यजमान, म्हणजे ताई आणि अण्णा. मधल्या काळात युरोने शंभरी ओलांडली आणि आम्ही साठीच्या जवळ पोचलो.

पहिल्या खेपेला कुठे जायचं हा प्रश्नच नसतो. ते टूरवाले ठरवतात. बारा दिवस, नऊ देश. नऊ ऐकून तेव्हा छाती भरून आली होती. नंतर कळलं की त्यातला व्हॅटिकन हा देश नाश्ता आणि जेवण यांच्या मध्ये उरकतो आणि लिख्टेनश्टाइन हा देश मुंबईत दोन-तीनदा मावेल. तिथे आम्ही पाऊण तास होतो, त्यातली पंचवीस मिनिटं मी बायकांच्या रांगेत. शू करणाऱ्या पोराचा पुतळा बघायला पॅरिसहून ब्रसेल्सला तीनशे किलोमीटर बसून गेलो, तर ते पोरगं पुरतं दोन फुटांचंही नाही. ताई म्हणाल्या, "एवढ्यासाठी? आमच्या चाळीत रोज सकाळी चार उभी असायची."

आणि ते सहा-सात-आठ! ज्यांनी ग्रुप टूर केली त्यांना सांगायला नको. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस. बॅगा त्याआधी खोलीच्या दाराबाहेर. मी आदल्या रात्रीच बॅग भरून दाराबाहेर ठेवली आणि सकाळी लक्षात आलं की आजची साडी आत राहायला हवी होती. पहाटे साडेपाचला ऑस्ट्रियातल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाऊनवर बसून बॅग उपसणारी बाई मीच. इन्सब्रुक म्हटलं की लोकांना आल्प्स आठवतो, मला तो कॉरिडॉरमधला लाल गालिचा आठवतो.

तर दुसऱ्यांदा आपलं आपण जायचं, दहा रात्री, आणि शहरं मोजकी, यावर चौघांचं एकमत झालं. ते शेवटचं एकमत.

बातमी सोसायटीत पसरली. आमच्याकडे युरोप "बघत" नाहीत, "करतात". लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "प्राग झालं का?" सूर असा, की बाळाला ट्रिपलचा डोस झाला का. नाही म्हटल्यावर त्यांनी प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट असं एका दमात लिहून दिलं, सकाळ-दुपार-रात्र घ्यायच्या गोळ्यांसारखं. पाचव्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं, स्पेन केल्याशिवाय युरोप पूर्ण होत नाही. बार्सिलोनातलं ते 1882 साली सुरू झालेलं चर्च अजून बांधतायत, ते बघाच. आमच्या पुनर्विकासाचं काम रखडलेलं असताना हे मला बघवलं नसतं, म्हणून मी विषय बदलला.

रविवारी ताई-अण्णा जेवायला आले. आमटी-भात आटोपल्यावर मी मुलाचा शाळेतला ॲटलास काढला, युरोपचं पान उघडलं आणि खारे शेंगदाणे मोजून दहा ठेवले. एक शेंगदाणा म्हणजे एक रात्र. मुलगा बंगलोरहून व्हिडिओ कॉलवर होता. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, त्यामुळे त्याला बैठकीतला फक्त पंखा दिसत होता.

ताईंनी दोन शेंगदाणे उचलून स्वित्झर्लंडवर ठेवले. कारण जुनं आहे. मागच्या वेळी युंगफ्राउयोखला, 3,454 मीटरवर, युरोपातल्या सगळ्यात उंच रेल्वे स्टेशनात आम्ही पोचलो आणि बाहेर पाहिलं तर पांढरं. डोंगर पांढरा, आकाश पांढरं, समोर उभा माणूसही पांढरा. ताई आठ वर्षं ऐकवतायत की एवढे पैसे भरून धुकं बघितलं, जे माळशेजला वडापावच्या पैशात दिसतं. तो हिशोब त्यांना पूर्ण करायचाय.

अण्णांनी दोन शेंगदाणे लक्झेंबर्गवर ठेवले. तिथे फक्त एकच मावत होता, दुसरा बेल्जियममध्ये गेला. अण्णा एसटीतून निवृत्त झालेत, छत्तीस वर्षं कंडक्टर आणि मग वाहतूक नियंत्रक. लक्झेंबर्गमध्ये 2020पासून बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना फुकट आहे हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून त्यांना झोप नाही. "आख्खा देश फुकट? मग ताळेबंद कसा लावतात?" ते त्यांना समक्ष विचारायचं होतं. शिवाय शेंगेन नावाचं गाव तिथेच, मोझेल नदीच्या काठी. 1985 साली तिथे सीमा खुल्या करायचा करार झाला आणि त्या गावाच्या नावाच्या व्हिसासाठी आपण सगळे बँकेची स्टेटमेंटं गोळा करत फिरतो. "ते गाव एकदा डोळ्यांनी बघू दे मला," असं अण्णा ज्या आवाजात म्हणाले, त्यावरून ते तिथे फोटो काढायला जाणार असावेत असं वाटलं नाही.

ह्यांनी बुडापेस्ट धरलं. कारण तिथलं चलन, फोरिंट. एका रुपयाला तीन-चार फोरिंट येतात. "युरोपात जाऊन आपण श्रीमंत! असा देश सोडायचा?" त्यात तिथे गरम पाण्याची कुंडं. सेचेनी नावाचं 1913 सालचं स्नानगृह, पिवळ्या राजवाड्यासारखं, आणि वाफाळत्या पाण्यात छातीपर्यंत बुडून म्हातारे बुद्धिबळ खेळतात. ह्यांनी फोटो दाखवला. ताईंनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाल्या, "अरे, ही तर वज्रेश्वरी."

उरले तीन शेंगदाणे. खरं तर चार उरायला हवे होते. ह्यांनी दोनच घेतले होते. सगळ्यांनी पुन्हा मोजले. अण्णा बेल्जियमकडे बघत सावकाश काहीतरी चावत होते. त्यांनी बोलता बोलता एक रात्र खाल्ली होती.

मी तिन्ही शेंगदाणे लिस्बनवर ठेवले.

माझं माहेर वसई. पोर्तुगीजांचा किल्ला घरापासून चालत दहा मिनिटांवर. लहानपणी त्या पडक्या चर्चमध्ये आम्ही लपाछपी खेळायचो, आणि पाटी घासून पुसट झालेल्या थडग्यांवर बसून चिंचा खायचो. ज्या लोकांच्या घरात आपण एवढं खेळलो, त्यांचं मूळ घर कसं आहे हे बघावं असं मला फार वर्षं वाटतंय. यात चुकीचं काय आहे?

"ज्यांना चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये हाकललं," हे म्हणाले, "त्यांच्याकडे आपण पाहुणे म्हणून जायचं?"

"ते आपल्याकडे येऊन राहिले ना? मग परतभेट नको द्यायला?"

"आपण कुठे बोलावलं होतं त्यांना!"

मग मी माझं ठेवणीतलं काढलं. म्हटलं, आज सकाळी तुम्ही चावीने दार उघडलंत, साबणाने हात धुतलेत, बटाट्याच्या भाजीबरोबर पाव खाल्लात आणि बाईने पगार मागितला म्हणून तोंड वाकडं केलंत. चावी, साबण, बटाटा, पाव, पगार. पाचही शब्द त्यांचे. एका सकाळी माणूस इतका पोर्तुगीज वागतो आणि लिस्बन नको म्हणतो!

ह्यांनी दुसरा मोहरा काढला. लिस्बन सात टेकड्यांवर आहे. गुडघे? हा मुद्दा कठीण होता, कारण गुडघे ह्यांचे एकट्याचे नव्हते, त्या टेबलाभोवती आठ होते. त्यातले दोन बरे. पण मी तयारीत होते. तिथे 28 नंबरची ट्राम आहे, म्हटलं. पिवळी, लाकडी बाकांची, गल्लीबोळातून चढउतार करणारी.

"तिकीट असतं का?" अण्णांनी विचारलं.

"असतं."

अण्णा जरा सरसावून बसले. मला वाटतं, लक्झेंबर्ग तिथेच पडलं. घरी जाऊन त्यांनी विचार केला असणार, कारण बुधवारी त्यांचा फोन आला. "वहिनी, जिथे तिकीटच नाही तिथे बघायचं काय? कंडक्टर नाही, पंच नाही, सुट्ट्याची कटकट नाही. ही कसली सर्व्हिस?"

स्वित्झर्लंड कसं पडलं ते जास्त करुण आहे. युंगफ्राउयोखला कॅमेरे लावलेत, तिथलं दृश्य घरबसल्या मोबाइलवर दिसतं. मुलाने ताईंना ते लावून दिलं, चांगल्या हेतूने. ताई रोज दुपारी जेवण झालं की बघायच्या. सोमवारी पांढरं. मंगळवारी पांढरं. गुरुवारी एका कोपऱ्यात काहीतरी निळं दिसलं, त्यांनी अण्णांना हाक मारली, अण्णा येईपर्यंत पांढरं. दहा दिवसांनी त्यांनी स्वतःहून मला फोन केला. म्हणाल्या, "अगं, मला कुठेही चालेल. फक्त पहाटे बॅग दाराबाहेर ठेवायची नाही. आणि एका गावात इतके दिवस राहायचं, की कोपऱ्यावरच्या वाण्याने मला ओळखलं पाहिजे."

म्हणजे उरलं लिस्बन आणि बुडापेस्ट. मुलाने नकाशावर दोन्ही जोडून बघितलं आणि डोक्याला हात लावला. दोन गावांमध्ये सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटर. "आई, अशी जोडी जगात कुणी लावत नाही. एक या टोकाला, एक त्या टोकाला. आणि मुळात एकीकडे पोर्तुगीजांचं गाव, दुसरीकडे गरम पाण्याची कुंडं. म्हणजे वसई आणि वज्रेश्वरीच ना? ठाण्याहून रिक्षा केलीस तर एका दिवसात दोन्ही होतील." त्यातून वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांनी वसई जिंकायच्या नवसाचं म्हणून बांधलं असं सांगतात, हे ह्यांनी त्याला पुरवलं. मी मोबाइल तांब्यासकट उपडा ठेवला.

रात्रींची वाटणी व्हिसाने केली. नियम असा, की ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. पाच-पाच केल्या तर जिथे पहिलं पाऊल, तिथे. ह्यांना पाच-पाच हवं होतं. मी म्हटलं, उगाच समोरच्याच्या मनात शंका कशाला, सहा-चार करू. बँकेत तीस वर्षं काढल्यावर एवढं कळतं की "समोरच्याच्या मनात शंका" म्हटलं की कुठलाही नवरा सही करतो.

मग कागद. माणशी नव्वद युरो फी. तीस हजार युरोंचा प्रवास विमा. तीन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा फोटो, हसायचं नाही, कान दिसले पाहिजेत. ताईंचा फोटो तिसऱ्यांदा काढावा लागला, कारण फोटोवाला "हसू नका" म्हणाला की त्यांना हसू यायचं. रोज कुठे जाणार, कुठे झोपणार याचा दिवसवार तक्ता. आणि कव्हर लेटरमध्ये आपण मुदतीत भारतात परत येणार याची खात्री. घराचे कागद, पेन्शन, मुदत ठेवी.

ते पत्र मी रात्री अकरा वाजता लिहीत बसले होते. "आम्ही एकूण दहा रात्री राहून ठरल्या दिवशी परत जाऊ" असं लिहिलं आणि पेन थांबलं. वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा त्याच्याकडे हॉटेलचं बुकिंग होतं का? 1534 मध्ये पोर्तुगीजांनी वसई घेतली, त्यावर 205 वर्षं राहिले. व्हिसाचा नव्वद दिवसांचा नियम कुणी दाखवला? गोव्यात तर 1510 पासून 1961 पर्यंत. परत जाण्याची खात्री म्हणून मुदत ठेवीची पावती कुणी मागितली? आणि मी सहा रात्रींसाठी दुधाचं बिल सोडून सगळं जोडतेय! लिस्बनच्या जेरोनिमोस मठात त्या वास्कोची समाधी आहे. तिच्यापुढे जरा वेळ उभी राहणार आहे मी. बोलणार काही नाही, नुसती कव्हर लेटरची झेरॉक्स दाखवणार आहे.

"झोपा आता," हे म्हणाले. "आणि दूतावासाला असलं काही लिहू नका."

व्हिसा मिळाला. काल मुलाने लिस्बन-बुडापेस्टची तिकिटं काढली. थेट विमान महाग, त्यामुळे मध्ये एक थांबा असलेलं स्वस्तातलं घेतलं. तिकीट आलं तसं हे चष्मा शोधायला धावले, पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मग जो चेहरा करून माझ्याकडे आले तो मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. थांबा रोमला. तीन तास चाळीस मिनिटं. विमानतळाच्या आतच.

"बघितलंस? नाणं चाललं."

मी म्हटलं, "अहो, पाच रुपयांत एवढंच बसतं."