आधी उखाणा, मग एसटी?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना राजकारण नको त्यांनी इथूनच पुढे सरका.

संध्याकाळी आमच्याकडे 'खेळ पैठणीचा' होता. जिल्हा परिषदेचं तिकीट मागणाऱ्या एका भाऊंनी ठेवलेला. (फ्लेक्सवर भाऊ पैठणीपेक्षा मोठे.) संगीत खुर्ची झाली, फुगे फोडून झाले. मग निवेदकाने एकीपुढे माईक धरला, "बोला वहिनी, भाऊंकडे काय मागाल?" ती म्हणाली, "साडेपाचची एसटी परत सुरू करा. पोरगी नववीत आहे माझी." तर हा पठ्ठ्या म्हणतो, "अहो वहिनी, आधी उखाणा तर घ्या!" अख्खं मैदान हसलं. तिने उखाणा घेतला. मिक्सर मिळाला.

मला तिथेच आमची ताई आठवली. थोरली चुलत बहीण. गावात शाळा सातवीपर्यंतच, पुढची तालुक्याला. शाळा सुटायची पाचला आणि गाडी पावणेपाचला. त्यानंतरची थेट रात्रीची मुक्कामी. म्हणून ताई शेवटचा तास बुडवून, दप्तर पोटाशी धरून स्टँडकडे पळत सुटायची. शेवटचा तास गणिताचा. वर्षअखेरीस गणितात गेली, आणि काका म्हणाले, "पोरीला डोकंच नाही." शाळा बंद.

डोकं नाही म्हणे! अहो, गाडी नव्हती.

आता कुणीतरी कमेंटमध्ये येणारच की एसटी जिल्हा परिषदेच्या हातात नसते. बरं, नसते. पण यांच्या सभेला गावोगावच्या बायका भरून आणायच्या असतात तेव्हा गाड्या कशा हो मिळतात? तेव्हा फोन लागतो, आगारातून गाडी सुटते. आणि गावातली शाळा सातवीला थांबते, मुलींच्या संडासाला कडी नसते, हे तर जिल्हा परिषदेचंच ना? त्यावर कुठल्या फ्लेक्सवर ओळ वाचलीत?

बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, चांगलंच आहे. पण पास दाखवायला गाडी तर यायला हवी! २०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बऱ्याच मुलींना इंजिनिअरिंग-मेडिकलची फी माफ झाली, तेही चांगलं. पण तिथवर पोचणार कोण? शिक्षण हक्काचा कायदा १४ वर्षांपर्यंत हात धरतो, म्हणजे साधारण आठवी. मुलगी वयात येते, घरचे धास्तावतात, रस्त्याला दिवे नसतात, नेमका तिथेच हात सुटतो. आमची ताई तिथेच सुटली. माईकवरच्या बाईची पोरगी आत्ता तिथेच उभी आहे.

दीड हजार रुपये खात्यात येतात, ते लागतात, मान्य. त्यावरून बायकांना नावं ठेवणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. पैसे खुशाल घ्या, हक्काचे आहेत. पण म्हणून मत देऊन टाकलं पाहिजे असं कुणी सांगितलं?

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. आज नाव सांगतो आपण, छान स्पष्ट. आणि आत जाऊन बटण दाबतो ते अमक्याने सांगितलेलं. ताईचंही तेच. लग्नाआधी काका सांगतील तिथे, नंतर भावोजी सांगतील तिथे. एकदाही चुकली नाही मतदानाला. पण त्या पावणेपाचच्या गाडीसाठी तिने एकदाही मत दिलं नाही. तिचा दोष नाही, तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बायांनो, आत पडद्याआड कुणी नसतं. घरी "हो हो" म्हणा आणि आत मनातलं दाबा. भांडण नको ना? नका भांडू. पण त्याआधी हे भाऊ, दादा, साहेब ओवाळून घ्यायला दारात येतील तेव्हा ताट हातात धरूनच विचारा, आठवीनंतर आमच्या पोरी कुठे आणि कशाने जाणार? एकीने विचारलं तर उखाणा घ्यायला लावतात. दहाजणींनी विचारलं की माईक बंद करायलाही घाबरतील. शाळेच्या व्यवस्थापन समितीतही निम्म्या बायका असाव्या लागतात, कायद्याने. तिथे सही करून चहा पिऊन उठू नका.

आणि एक. लग्न होऊन आलेल्यांपैकी किती जणींचं नाव अजून माहेरच्या यादीत पडून आहे, आज रात्रीच बघा. ऑनलाइन दिसतं. पत्ता बदलायला फॉर्म ८, नवीन नावाला फॉर्म ६. आधार आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा, मोबाइलवर होतं. नाही जमलं तर मला मेसेज टाका, उद्या रविवार आहे, दुपारी घरीच आहे मी.