पटत नाही? मग एकाच गाडीत बसा

तुम्हाला आयुष्यात सांगण्यासारखं काहीतरी घडायला पाहिजे असेल ना भाऊ, तर ज्याच्याशी आपलं पटतं त्याला सोबत अजिबात घेऊ नका. दोघांनाही चहात साखर कमी, दोघांनाही खिडकी उघडी लागते, दोघांचा नेताही एकच, मग रस्ताभर बोलणार काय डोंबल? मित्र म्हणून चांगलंय ते, पिच्चर म्हणून झिरो.

हॉलिवूडवाल्यांना हे कधीच कळलं. 1982 च्या 'फॉर्टी एट अवर्स'मध्ये एक खडूस पोलीस तुरुंगातला कैदी अठ्ठेचाळीस तासांसाठी बाहेर काढतो, तो कैदी म्हणजे एडी मर्फी, त्याचा पहिलाच सिनेमा, आणि हे दोघं गुंडाच्या आधी एकमेकांनाच हाणून घेतात. 1987 च्या 'लीथल वेपन'मध्ये एकाला नुकती पन्नास पूर्ण झालीत, घरी बायकापोरं आहेत, आणि जोडीदार असा मिळतो की ज्याला जगायचीच इच्छा नाही. आपल्याकडं 1994 ला 'मैं खिलाडी तू अनाडी' आला, एक खरा पोलीस आणि त्याच्या गळ्यात पडलेला पिच्चरमधला हिरो. म्हणजे भाषा बदलली, गाड्या बदलल्या, भांडण तेच.

आता हे पिच्चर बघायचे कसे ते सांगतो. पहिलं म्हणजे व्हिलनकडं लक्षच देऊ नका. वर सांगितलेल्यापैकी एका तरी पिच्चरच्या व्हिलनचं नाव आत्ता सांगा बरं, नाही ना येत? मग! त्या बिचाऱ्याला दोघांना एका गाडीत बसवण्यापुरताच पगार असतो. आणि घरात कुणी लॉजिक लॉजिक करत असेल तर त्याला सरळ कांदे आणायला पाठवा.

दुसरं, रस्ता कधीच सोपा नको. 1988 च्या 'मिडनाइट रन'मध्ये रॉबर्ट डी नीरोला एका हिशेबनिसाला न्यूयॉर्कहून लॉस एंजलिसला पोचवायचं असतं, आणि तो पठ्ठ्या विमानात बसायलाच तयार नाही. का, तर बसला असता तर पाच-सहा तासात पिच्चर खलास! मग रेल्वे, बस, चोरलेली गाडी, आणि सगळ्या प्रवासात तो हिशेबनीस याला सिगरेटी सोड म्हणून पिडतो. लोक कुणी कुणाला पकडलं ते बघायला येत नाहीत, सिगरेटीवरची किरकिर ऐकायला येतात.

हॉलिवूडला हे पैसे देऊन लिहून घ्यावं लागतं, आपल्या खान्देशात सासरेबुवा फुकटात जमवून देतात. त्याला साडू म्हणतात.

माझा साडू धुळ्याकडचा, मी भुसावळचा. तो चाळीसच्या वर गाडी नेत नाही, निघायच्या आधी टायरखाली लिंबू ठेवतो, आणि चिडला की अहिराणीत शिरतो. मला अहिराणी समजते पण बोलता येत नाही, म्हणजे शिवी कळते पण फेडता येत नाही. 1998 च्या 'रश अवर'मध्ये शेवटी नावं पडताना जॅकी चॅन इंग्रजी वाक्यांत अडखळतो ते दाखवलंय, मला तर वाटतं पूर्ण पिच्चरमध्ये तोच भाग सगळ्यात खरा आहे, असो.

मेहुणीचा साखरपुडा छत्रपती संभाजीनगरला, आणि सासऱ्यांचा हट्ट की पंगतीत भरीत म्हणजे बामणोदच्याच वांग्यांचं, तिकडच्या बाजारातलं नको. चाळीस किलो वांगी, एक छोटा हत्ती आणि आम्ही दोघं. मला म्हणाल तर कटकारस्थान हेच होतं.

जळगाव सोडल्यावर पहूरच्या पुढं रस्ता तेव्हा असा खोदून ठेवला होता की पटकथाकाराला तसा सुचला नसता. वाकोद मागं पडलं आणि टायर बसला. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा नाही. "मी पयलेच सांगेल व्हतं तुम्हले, स्टेपनी देखी ल्या!" साडू ओरडला. खरं होतं ते. मी "बघितली, बघितली" म्हणालो होतो आणि बघितली नव्हती, पण साडूसमोर कबूल कोण करतं, मी म्हणालो तुमचं लिंबूच वांझोटं निघालं. मग अर्धा तास आम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करत भांडलो. साडूपणात हीच मोठी अडचण आहे, कितीही डोकं फिरलं तरी अरे-तुरे करता येत नाही.

पंक्चरवाल्याचा पोरगा टायर घेऊन मोटारसायकलवर गेला तो गेलाच. डिसेंबरची थंडी, शेजारच्या टपरीवाल्यानं पऱ्हाटीच्या काड्या पेटवलेल्या. साडू काही न बोलता उठला, मागची गोणी सोडली आणि दोन वांगी आणून जाळात ठेवली. मी म्हटलं, अहो टोचून तरी ठेवा, फुटतील. तो म्हणे धुळ्याला कुणी टोचत नाही. एक फुटलं, फुस्स करून, अर्धा गर माझ्या शर्टावर. ना भरीत ठेचायची लाकडी बडगी, ना शेंगदाणे, ना कांद्याची पात, नुसता टपरीवरचा ठेचा आणि मीठ, पेपरावरच ठेचलं आणि पावाला लावून खाल्लं. दोनाची चार कधी झाली, चाराची नऊ कधी झाली कळलं नाही. मधेच तो म्हणाला, "तुले तिखट चालस ना?" मी मान हलवली. 'तुम्हले'चं 'तुले' झालेलं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, मीही काही काढलं नाही.

तर पुढच्या वेळी लांब जायचं असेल तर मित्राला फोन करू नका, साडूला करा, आणि स्टेपनी मुळीच तपासू नका.

पोचलो तेव्हा रात्रीचे अकरा. सासऱ्यांनी गोण्या हातानं उचलून पाहिल्या. "चाळीस सांगितली होती, ही कमी लागताय."

"वजनकाट्यात फरक असेल," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

सासरेबुवांनी आधी साडूच्या मिशीला लागलेली राख बघितली, मग माझा शर्ट.