कमोडच्या सीटचा जाम बोल्ट: ॲसिड नको, हातोडी तर नकोच

कमोडचं सीट डुगडुगायला लागलं की घरच्या घरी काय करावं, याचा एक सल्ला व्हॉट्सॲपवर फिरत असतो. थोडक्यात असा: जाम बोल्टवर रात्रभर ॲसिड ओतून ठेवा, तरी निघाला नाही तर हातोडीचा एक ठोका द्या, नवा बोल्ट अंगातली सगळी ताकद लावून आवळा, पुन्हा हललं तर भोकात पांढरं सिमेंट भरा. यातला एकही उपाय करू नका. सीटचा बोल्ट किरकोळ किमतीचा असतो. त्याच्यापायी आपण जोर लावतो तो चिनी मातीच्या भांड्यावर, आणि ते फुटलं की फरशी फोडण्यापासून सगळं आलं.

आधी ॲसिड. ते गंज खातं हे खरं. पण सुटं मिळणारं ॲसिड आणि संडास साफ करायची बरीचशी द्रव्यं यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते गंजाखालचं चांगलं लोखंडही खातं आणि स्टेनलेस स्टीललाही सोडत नाही. शिवाय वरून ओतलेलं ॲसिड जिथे हवं तिथे, म्हणजे खालच्या नटाच्या आट्यांत, धड पोचतच नाही. बोल्टचं डोकं तेवढं झिजतं, मग स्क्रू ड्रायव्हर लावायला खाच उरत नाही. उरलेलं ॲसिड ओघळून फरशीवर येतं. तिथे मार्बल असेल तर डाग कायमचा. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट: भांड्यात आधीचं ब्लीच शिल्लक असेल तर ॲसिड पडताच क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडच्या एवढ्याशा, दार लावलेल्या संडासात हा जिवाशी खेळ आहे. असला सल्ला आईवडिलांच्या ग्रुपवर पुढे पाठवताना निदान एवढा तरी विचार करा.

बोल्ट जाम का होतो, हे त्या सल्ल्यात कुठेच नाही. जेट स्प्रेचं पाणी रोज मागच्या बिजागरीवर उडतं आणि वायसरखाली साचून राहतं. लोखंडी बोल्ट असेल तर गंज चढतो, बोअरचं पाणी असेल तर क्षारांचा पांढरा थर बसतो. गंजावर डब्ल्यूडी-४०सारखं तेल खालून, नट आणि बोल्ट जिथे भेटतात तिथे मारा आणि रात्रभर तसंच राहू द्या. क्षार असतील तर लिंबूसताच्या पाण्यात भिजवलेलं फडकं नटाभोवती गुंडाळून ठेवा. त्याआधी ब्लीच पूर्ण धुऊन टाका आणि मार्बलवर थेंब पडू देऊ नका. नट आणि बोल्ट दोन्ही प्लास्टिकचे असतील तर तेलाचा उपयोग नाही, तिथे गंज नसतोच.

मग फिरवायचं कुठल्या बाजूला? पुष्कळ जण इथेच फसतात. भांड्याच्या खाली डोकं घालून पाहिलं तर नट घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतो. पण आपण वरून वाकून, मागे हात घालून, न बघता पाना फिरवतो. वरून धरलं तर तोच नट घड्याळाच्या दिशेने फिरवायचा असतो. जाम म्हणून सोडून दिलेले कितीतरी नट खरं तर उलटे आवळले जात असतात. नटाबरोबर बोल्टही गरगर फिरत असेल तर वरची टोपी उघडून त्याचं डोकं स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा.

एवढं करूनही नाही सुटला, तर ठोकू नका, कापा. चिनी माती दाब सोसते, पण ठोका आणि ताण सोसत नाही. बोल्टवर मारलेला घाव थेट भोकाच्या कडेला बसतो. लोखंड कापायच्या करवतीचं नुसतं पातं घ्या, धरायच्या टोकाला कापड गुंडाळा, भांड्यावर जाड चिकटपट्टी लावा आणि बिजागरी व भांडं यांच्यामधून पातं सरकवून बोल्ट आडवा कापा. प्लास्टिकचा बोल्ट लवकर तुटतो. लोखंडी वेळ घेतो, हात दुखतो, पण भांडं शाबूत राहतं.

काही नव्या कमोडना खालून हात जायला जागाच नसते. तिथे खाली नट शोधत बसू नका. भोकात रबरी बुश, म्हणजे नळीसारखा तुकडा, असतो, वरून स्क्रू आवळला की तो फुगून घट्ट बसतो. काढताना स्क्रू थोडाच सैल करून बुशसकट वर ओढा. पूर्ण काढलात तर खालचा भाग आत पडण्याची भीती असते.

‘ताकद लावून आवळा’ हे तर मुळातच उलटं आहे. भोक बोल्टपेक्षा मोठं असतं, म्हणून सीट आडवं सरकतं. ते सरकणं रबरी वायसर आणि बुश थोपवतात. ते झिजलेले असतील तर ते बदला. नट हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने जेमतेम पाव फेरा, आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा तपासा. बिजागरीची पिनच तुटली असेल तर बोल्ट कितीही आवळून उपयोग नाही.

सिमेंटने तर पुढच्या वेळी सीट निघायची वाटच बंद होते. भोकाच्या गुळगुळीत ग्लेझवर ते नीट धरतही नाही. काही दिवसांत तडकतं आणि घाण पाणी झिरपायला फट मिळते.

नवं सीट आणायला जाताना तीन मापं घेऊन जा: दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर, तिथून पुढच्या कडेपर्यंतची लांबी, आणि सर्वांत रुंद जागेची रुंदी. पहिलं माप बऱ्याचदा १४० ते १६० मिलिमीटरच्या दरम्यान येतं, पण अंदाजाने घेऊ नका. आणि जुनं सीट काढल्यावर भोकाभोवती बारीक चीर दिसली, तर ती चिकटवून वर बसू नका. फुटलेल्या चिनी मातीची कड खोल कापते, आणि घरातलं म्हातारं माणूस उठताना बसताना सगळा भार त्याच जागी टाकतं. तिथे मात्र प्लंबर बोलवा आणि भांडंच बदला.