मंग काऊन खाऊन राहिले?

लग्नाचा वाढदिवस म्हणून बायको म्हणाली रविवारी निवांत ब्रंच करू. नागपूरच्या धरमपेठेतलं एक नवं कॅफे, मे महिना, पाऊण तास दारात वेटिंग, मग टेबल मिळालं. एवढं पुरे, खरं सांगायचंय ते काकांबद्दल.

आमच्या प्लेटा येतात न येतात तोच एक काका माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. पुढचा नंबर त्यांचा होता आणि त्यांनी आमचंच टेबल हेरलं होतं. लग्नाच्या पंगतीत नाही का, तुमचा मठ्ठा संपायच्या आधी मागं माणूस येऊन उभा राहतो, अगदी तसं.

"निवांत होऊ द्या भाऊ, काही घाई नाही," घड्याळाकडे बघत काका म्हणाले. मग माझ्या टोस्टकडे वाकले.

"हे हिरवं काय लावलं? सांभाराची चटणी?"

"कोथिंबीर नाही काका, अ‍ॅवोकाडो."

"गोड लागते?"

"नाही."

"तिखट?"

"नाही."

"मंग काऊन खाऊन राहिले?"

याला उत्तर नाही हो. साडेतीनशे रुपये देऊन मी पण मनात तेच विचारून राहिलो होतो.

आपल्याकडे ब्रंच काय नवीन आहे का? दहा वाजता ठेल्यावर तर्री-पोहे हाणले, वरून चण्याची लालभडक तर्री दुसऱ्यांदा मागून घेतली की दुपारच्या जेवणाची सुट्टी. तिथं उभ्यानंच खायचं, त्यामुळे खुर्चीवर कोणाचा डोळा नाही. बसायला गेलो तिथंच फसलो.

बायकोनं कॉफी मागवली तर काका दारातल्या काकूंना ओरडून सांगतात, "अजून कॉफी मागवून राहिले हे!" आख्खं हॉटेल आमच्याकडे बघायला लागलं. कॉफी आली ती बिलासकटच, बिल मागितलं कोणी होतं? त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. २०२२ पासून नियम आहे की हा असा आपोआप लावता येत नाही, २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं पण तेच सांगितलं. मी हे सगळं वेटरला ऐकवलं, तो शांतपणे म्हणाला, "सर कंपल्सरी नाही, पण सगळे देऊन राहिले." मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून काका, "देऊन टाका ना भाऊ, काऊन वेळ घालवता!"

दिले. एकशे चौदा रुपये. वाढदिवसाच्या दिवशी तमाशा नको म्हणून बायकोनं टेबलाखालून पाय दाबला होता, नाहीतर दिले नसते. कॉफीनं जीभ भाजली ती वेगळीच.

बाहेर येऊन तापलेल्या गाडीच्या सीटवर रुमाल अंथरत होतो, तर काका, काकू आणि दोन पोट्टे मागोमाग बाहेर.

"काय झालं काका?"

"पोहे आहेत म्हणे, पण तर्री नाही. चला बे!"

काचेतून बघितलं. आमचं टेबल रिकामंच होतं, आणि माझा उरलेला अर्धा टोस्ट अजून तिथंच होता.